नाव एकच, वह्या तीन

गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या नववीतल्या एका मुलीची शिष्यवृत्ती गेली. मुलगी हुशार. वडील यंत्रमागावर कामाला, घरात पाच भावंडं. कागदपत्रं सगळी होती, अर्जही वेळेत भरला होता. तरीही शिष्यवृत्ती गेली, आणि ती आमच्यामुळे गेली. हे ‘आमच्यामुळे’ तोंडातून निघायला आम्हाला बरेच दिवस लागले. म्हणूनच ही हकीकत लिहितो आहोत.

आम्ही म्हणजे एका उर्दू माध्यमाच्या शाळेतले चौदा शिक्षक. आमच्यात कुणी कामचुकार नाही. जनगणना असो, निवडणूक असो, लसीकरणाची यादी असो, सगळी कामं करून आम्ही वर्गावर जातो. त्यामुळे ही बातमी आली तेव्हा प्रत्येकाच्या मनात पहिला विचार एकच आला, ‘माझं काम तर मी केलं होतं.’ आणि ते खरंही होतं. गोम तिथेच होती.

झालं असं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्या मुलीचं नाव पहिलीला दाखल होताना ज्या पद्धतीनं लिहिलं गेलं, ते एक. यू-डायस प्लसवर विद्यार्थीनिहाय माहिती भरताना आमच्यातल्या एका बाजींनी आधार कार्ड समोर ठेवलं, तिथलं स्पेलिंग दुसरं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या सरांनी वर्गाचा कॅटलॉग समोर घेतला. त्यात नावापुढचं ‘बी’ गळालेलं आणि आडनाव आधी आलेलं, ते तिसरं. तिघांनीही समोरचा कागद बघून अक्षर न् अक्षर बरोबर उतरवलं होतं. फक्त तिघांसमोरचे कागद वेगळे होते, आणि तिघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं.

अर्ज दुरुस्तीसाठी परत आला. त्याचा संदेश शाळेच्या नावानं नोंदवलेल्या मोबाईलवर गेला. तो मोबाईल आमच्यातल्या चौथ्या एका सरांचा, आणि ते त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेलेले. त्यांनी संदेश पाहिला आणि स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आम्ही सगळ्यांनी तो वाचला. दोघांनी अंगठाही दाखवला. प्रत्येकाला वाटलं, ज्याचं काम आहे तो बघेल. मुदत संपली.

मुलीचे वडील रात्रपाळी संपवून सकाळी थेट शाळेत आले. कपड्यांवर कापसाची भुरभुर तशीच होती. ते ओरडले असते तर आम्हाला सोपं गेलं असतं. ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “सर, आमच्याकडे धागा तुटला की माग थांबवून आधी तो जोडतात. तुमच्याकडे तुटलेला धागा कोण बघतो?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढे आम्ही वर्गणी काढून मुलीची वह्या-पुस्तकं आणली, पण त्याला भरपाई म्हणता येणार नाही. हक्काचा पैसा वेगळा आणि मदतीचा वेगळा. हा फरक त्या घरालाही कळत होता आणि आम्हालाही.

त्यानंतरचे काही दिवस स्टाफरूममध्ये वाईट गेले. लिपिकसाहेबांना वाटलं, सगळे आपल्यावर ढकलताहेत. बाजींना वाटलं, आधार बघितलं हा काय गुन्हा झाला? एक ज्येष्ठ सर म्हणाले, “इतकी वर्षं असंच चाललंय, कुणाचं काही अडलं नाही.” आम्ही मनात म्हटलं, अडलं असेल, फक्त कुणी रात्रपाळी संपवून सांगायला आलं नसेल.

ईदनंतर आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे. त्याच्या कामाचं नाव ‘एंटरप्राइझ आर्किटेक्ट’. त्याच्या अम्मीला इतकी वर्षं वाटत होतं की मुलगा इमारतींचे नकाशे काढतो. खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटत होतं. शीरखुर्म्याचा डबा टेबलावर ठेवून तो हसत म्हणाला, “नकाशे काढतो हे खरं आहे सर, पण इमारतीचे नाही, कारभाराचे.”

मग त्यानं बँकेचं उदाहरण दिलं. एका माणसाचं बँकेत बचत खातं असतं, घराचं कर्ज असतं आणि कार्डही असतं. तीन विभाग, तिघांकडे त्याचा पत्ता वेगवेगळा साठवलेला. माणूस घर बदलतो आणि एका खिडकीवर सांगून येतो. त्याला वाटतं बँकेला सांगितलं. पण सांगितलेलं असतं फक्त एका विभागाला. बाकीच्या दोघांची पत्रं जुन्या घरी जात राहतात. “आमचं काम,” तो म्हणाला, “हे शोधायचं की कोणती माहिती कुठे जन्मते, कुणाकडून कुणाकडे जाते आणि तिचा मालक कोण. मालक एकच असायला हवा. बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यायची, आपापली वेगळी वही ठेवायची नाही.”

हे ऐकून आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग त्याला सगळी हकीकत सांगितली.

तो म्हणाला की या विद्येची सुरुवात शोधताना लोक बहुतेक जॉन झॅकमन या अमेरिकन माणसाचं नाव घेतात. १९८७ साली आयबीएमच्या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. मोठ्या संस्थेची संगणकव्यवस्था नीट उभी करायची तर आधी तिची सगळ्या बाजूंनी मांडणी हवी, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यांचा तक्ता सहा प्रश्नांवर उभा राहिला: काय, कसं, कुठे, कोण, कधी आणि का. आम्हाला हसू आलं. निबंध लिहायला शिकवताना फळ्यावर आम्ही हेच सहा प्रश्न लिहितो. मुलांना विचारतो, स्वतःला विचारलेले नव्हते.

“मग नकाशा काढला की झालं?” आमच्यातल्या एकांनी विचारलं.

“नकाशा आठ दिवसांत होतो, सर. माणसं त्याच्याभोवती बसवायला आठ महिने लागतात.” आणि त्यानं एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला सगळ्यात जास्त लागली. १९६८ साली मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञानं एक निरीक्षण मांडलं होतं. एखादी संस्था जी व्यवस्था उभी करते, तिचा आकार त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसातल्या बोलण्यासारखाच होतो. जे दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांची कामंही एकमेकांना जुळत नाहीत. तो म्हणाला, “तुमच्या तीन वह्यांमध्ये नाव तीन प्रकारे आहे, कारण वह्या सांभाळणारे तिघं एकत्र कधी बसलेच नाहीत.”

आम्ही म्हटलं, आम्ही तर रोज एकत्र बसतो, चहा पितो, ग्रुपवर दिवसभर संदेश चालू असतात. त्यावर त्यानं खडू घेतला. दोन माणसांत बोलण्याची वाट एक. पाच माणसांत जोड्या किती? दहा. दहा माणसांत पंचेचाळीस. चौदा शिक्षकांत एक्क्याण्णव. गणिताच्या बाजींनी मान हलवली, हिशोब बरोबर होता. एक्क्याण्णव वाटांवर सगळे सगळ्यांना सगळं सांगू लागले की कुणाचंच कुणापर्यंत पोहोचत नाही. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी आयबीएमच्या एका प्रचंड प्रकल्पाच्या अनुभवातून १९७५ साली हेच लिहिलं, की उशीर झालेल्या संगणकाच्या कामात आणखी माणसं घातली तर काम आणखी लांबतं. नव्या माणसांना शिकवण्यात आणि वाढलेल्या वाटा सांभाळण्यातच वेळ जातो. तेव्हा बोलणं वाढवणं हा उपाय नाही. कोणत्या गोष्टीसाठी कुणाशी बोलायचं हे आधी ठरवणं, हा उपाय आहे.

त्या रात्री आमच्यातले काही जण इशानंतर मशिदीबाहेर बोलत उभे होते. विषय तोच. तेव्हा दीनियात शिकवणाऱ्या सरांनी एक आठवण करून दिली. दिव्य कुरआनात श्रद्धावंतांचं एक लक्षण सांगितलं आहे की त्यांचे व्यवहार आपसातल्या सल्लामसलतीनं चालतात. त्या सूरहचं नावच अश-शूरा. आपण मशवऱ्यावर तकरीर ऐकतो, पण मशवरा म्हणजे सगळ्यांनी मत देऊन उठून जाणं नव्हे. मग त्यांनी हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळातला प्रसंग सांगितला.

हा प्रसंग सहीह बुखारीत आलेला आहे. दूरच्या मोहिमेवरून परतलेले हजरत हुजैफा (रजि.) काळजीत होते, कारण वेगवेगळ्या भागांतल्या लोकांमध्ये पठणावरून मतभेद दिसू लागले होते. हजरत उस्मान (रजि.) यांनी काय केलं? प्रत्येक गावाला आपली आपली प्रत दुरुस्त करा असं सांगितलं नाही. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या काळात तयार झालेला संग्रह उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे जपून ठेवलेला होता, तो त्यांनी मागवला. चार जणांची नेमणूक केली. त्यात हजरत जैद बिन साबित (रजि.) हे मदीनेचे अन्सारी आणि बाकी तिघं कुरैश. काम सुरू होण्याआधीच नियम सांगितला की लिहिताना जैद आणि तुमच्यात मतभेद झाला तर कुरैशच्या बोलीप्रमाणे लिहा. प्रती तयार झाल्यावर मूळ पानं हजरत हफ्सा (रजि.) यांना परत पाठवली आणि नव्या प्रती प्रांताप्रांतात रवाना केल्या.

आमच्या शाळेच्या रजिस्टरची त्या महान कार्याशी तुलना करण्याची हिंमत आम्ही करणार नाही. पण शिकवण तर घेता येते. मूळ एक ठरलेलं. काम करणारे मोजके आणि नेमलेले. मतभेद झाला तर काय करायचं हे मतभेद होण्याआधीच ठरलेलं. काम झाल्यावर सगळीकडे एकच प्रत. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. चांगली निय्यत होती, पण निय्यतीला शिस्तीची जोड नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या परवानगीनं आम्ही बसलो. त्या विद्यार्थ्यानं जाताना एक सल्ला दिला होता, “चुकलं कुणाचं हे विचारू नका, माहिती कुठून कुठे जाते एवढंच विचारा.” हा सल्ला मोलाचा ठरला. जुन्या भिंतीवरच्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही मुलाच्या नावाचा प्रवास काढला. जन्मदाखला, दाखल होतानाचा अर्ज, जनरल रजिस्टर, कॅटलॉग, यू-डायस प्लस, आधार, बँकेचं पासबुक, शिष्यवृत्तीचा अर्ज, दहावीच्या बोर्डाचा अर्ज, शेवटी शाळा सोडल्याचा दाखला. बाण काढत गेलो तसं दिसलं की बहुतेक बाण चुकीच्या जागेवरून निघतात. कॅटलॉग तर दर जूनमध्ये मागच्या वर्षीच्या कॅटलॉगवरून उतरवला जात होता. एकदा गळालेलं अक्षर दर वर्षी गळतच पुढे जात होतं. ते बघितल्यावर लिपिकसाहेबांचा राग निवळला, कारण तक्त्यावर कुठेच कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं.

मग चार गोष्टी ठरल्या.

शाळेत मुलाच्या नावाचं मूळ एकच, जनरल रजिस्टर. कुठलाही अर्ज भरणाऱ्यानं तिथूनच नाव घ्यायचं, कॅटलॉगवरून किंवा आठवणीवरून नाही.

जनरल रजिस्टर आणि आधार यांच्यात फरक दिसला तर अर्ज भरणाऱ्यानं स्वतः निर्णय घ्यायचा नाही. वर्गशिक्षकानं पालकांना बोलवायचं आणि जन्मदाखला काय सांगतो ते बघायचं. रजिस्टरमध्ये दुरुस्ती लागणार असेल तर खाडाखोड न करता शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीसाठी रीतसर प्रस्ताव पाठवायचा.

परत आलेल्या अर्जांचा एक जबाबदार, आणि तो रजेवर असेल तर दुसरा. दोघांची नावं भिंतीवर. ग्रुपवर अंगठा दाखवणं म्हणजे काम घेतलं असं मानायचं नाही. ‘मी बघतो’ असं लिहिलं तरच मानायचं. या नेमणुकीला आम्ही आपसात ‘धागा बघणारा’ म्हणतो. का ते सांगायला नको.

आणि चौथी, एक निर्णयवही. काय ठरलं, कोणत्या तारखेला, आणि का ठरलं. त्या विद्यार्थ्याच्या कंपनीतही असंच करतात. ‘का’ लिहिलेलं नसेल तर दोन वर्षांनी नवा माणूस येतो आणि तोच वाद पुन्हा पहिल्यापासून घालतो.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. ज्येष्ठ सरांनी पहिले दोन महिने वहीत सही केली नाही. काही पालक तीन निरोप पाठवूनही आले नाहीत. पण तपासायला बसल्यावर जे समोर आलं, त्यानं सगळ्यांचीच तोंडं बंद झाली. एकेका वर्गात कितीतरी मुलांची नावं दोन कागदांवर दोन प्रकारची होती.

यात आपल्या घरांची अडचण जरा वेगळी आहे, ती समजून घ्यायला हवी. आपल्या मुलाचं नाव तीन लिप्यांतून प्रवास करतं. उर्दूत ‘ज़’चा आवाज दाखवणारी चार अक्षरं आहेत: ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ो. मराठीत आलं की त्याचा कधी ‘ज’ होतो, कधी ‘झ’. इंग्रजीत गेलं की कधी ‘जे’, कधी ‘झेड’. जुबेर आणि झुबेर हा घरात एकच मुलगा असतो, संगणकाला ते दोन असतात. आयशा, आयेशा, आएशा. फातिमा, फातेमा, आणि इंग्रजीत शेवटी ‘एच’ आहे की नाही तो वेगळा प्रश्न. शेख आडनाव इंग्रजीत निदान तीन प्रकारे लिहिलेलं आम्ही बघतो. मुहम्मद, मोहम्मद, महंमद, आणि घाईत नुसतं ‘एमडी’. आखातात नोकरीला गेलेल्या आमच्या एका विद्यार्थ्यानं सांगितलं होतं की पासपोर्टवर ‘एमडी’ बघून एका कारकुनानं त्याला डॉक्टर समजून सलाम ठोकला. त्या वेळी हसलो होतो. आता हसू येत नाही.

त्यात काही घरांत आडनाव लावतच नाहीत, काही ठिकाणी ते आधी, काही ठिकाणी शेवटी. मुलीच्या नावापुढचं ‘बी’ आजी लावते, आधार केंद्रावरचा मुलगा काढून टाकतो. यात कुणाची बेइमानी नाही. पण घराघरात जे शाळेत झालं तेच होतं. अब्बू एका खिडकीवर एक सांगतात, मामू दुसऱ्या खिडकीवर दुसरं. कुटुंबही एक संस्थाच आहे, आणि तिथेही मूळ प्रत ठरलेली नसते.

म्हणून वाचक भगिनी-बांधवांना आमची विनंती आहे. अकीक्याच्या दिवशी नाव ठेवताना त्याचा अर्थ आपण आलिमांना विचारतो, हे उत्तमच. चांगलं नाव हा मुलाचा आईबापावरचा हक्क आहे. त्याच दिवशी आणखी एक काम करा. एका कागदावर ते नाव उर्दू, मराठी आणि इंग्रजी, तिन्ही लिप्यांत पूर्ण लिहा. वडिलांचं नाव आणि आडनाव कोणत्या क्रमानं, तेही ठरवा. घरातल्या सगळ्या मोठ्यांना दाखवा. जन्मदाखल्यावर तेच नाव तसंच घाला. जन्मनोंद नावाशिवाय झाली असेल तर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात बदल झाला आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाहनोंदणी, पासपोर्ट, आधार या सगळ्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा मानला जातो. म्हणजे घरातली मूळ प्रत कोणती, हे आता कायद्यानंच सांगून ठेवलं आहे. मोठी मुलं असतील तर या सुट्टीत त्यांचे सगळे कागद एकदा सतरंजीवर मांडा आणि ओळीनं वाचा. दहावीचा अर्ज भरण्याआधी वाचा, कारण त्या प्रमाणपत्रावरचं नाव आयुष्यभर सोबत राहतं.

ज्या मुलीपासून ही हकीकत सुरू झाली, ती यंदा दहावीत आहे. तिचा बोर्डाचा अर्ज भरला त्या दिवशी ‘धागा बघणाऱ्या’ बाजींनी तिलाच शेजारी बसवलं आणि पडद्यावरचं नाव मोठ्यानं वाचायला सांगितलं. तिनं एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. मग म्हणाली, “बाजी, बरोबर आहे. पण अब्बूंच्या नावात एक ‘एच’ राहिला.”

रजिस्टर उघडून बघितलं. खरंच राहिला होता. सगळं ठरवून, दोघांनी तपासूनही राहिला होता. पण या वेळी तो त्याच दिवशी, त्याच खुर्चीवर दुरुस्त झाला. मुलाचं नाव ही आमच्याकडे दिलेली अमानत आहे. ती चौदा हातांतून जाते म्हणून कुणा एकाची राहत नाही, असं आता आमच्यातलं कुणी म्हणत नाही.